शार्कने पाय नेला, पुढचं सगळं युद्धांनी दिलं: ब्रूक वॉटसन

गलबत

हवानाच्या बंदरात एक उघडानागडा पोरगा पाण्यात पडलाय, केस मोकळे, डोळे फिरलेले, आणि शेजारून शार्क जबडा वासून येतोय. होडीतले दोघे त्याला धरायला ओणवे झालेत, एक जण नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून शार्कवर आकडा उगारतोय. जॉन सिंगलटन कॉपलीचं हे चित्र १७७८ साली लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं आणि त्याने कॉपलीचं नाव झालं. चित्रावर भरपूर लिहून झालंय. मला त्या पोराबद्दल लिहायचंय. उजवा पाय गुडघ्याखाली गमावूनही तो जगला, व्यापारी झाला, लष्कराला रसद पुरवणारा झाला, खासदार, बँक ऑफ इंग्लंडचा संचालक, लंडनचा लॉर्ड मेयर, आणि १८०३ साली बॅरोनेट. नाव ब्रूक वॉटसन.

जन्म १७३५, प्लिमथ. सहाव्या वर्षापर्यंत आईबाप दोघेही गेले. नातेवाइकांनी पोराला समुद्रापार बॉस्टनला एका व्यापारी नातलगाकडे धाडून दिलं. त्या काळी व्यापाऱ्याघरी वाढलेल्या अनाथ पोराने जहाजावर जायचं हे ठरलेलंच. चौदाव्या वर्षी, १७४९ मध्ये, जहाज हवानाला नांगरलेलं असताना हा एकटाच पोहायला उतरला. पहिल्या झडपेत शार्कने पोटरीचं मांस नेलं, दुसऱ्यात घोट्यापासून पाऊल. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा होडी पोचली होती. हवानाच्या इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापला आणि तीन महिन्यांत गडी लाकडी पायावर उभा.

परत येऊन बघतो तर बॉस्टनच्या नातलगाचं दिवाळं वाजलेलं. जॉन ह्यूस्टन नावाच्या एका कप्तान-व्यापाऱ्याने त्याला जवळ केलं आणि आपल्याबरोबर नोव्हा स्कॉशियाच्या सरहद्दीवर नेलं. तिथे मिसॅग्वॅश नावाची एक चिखलट नदी. अलीकडे इंग्रजांचा फोर्ट लॉरेन्स, पलीकडे फ्रेंचांचा फोर्ट बोसेजूर. तिथली एक गोष्ट चरित्रकार आवडीने सांगतात. इंग्रजांची गुरं ओहोटीच्या वेळी नदी ओलांडून फ्रेंच हद्दीत गेली. आणायला कोणी धजेना. हा लाकडी पायवाला पोरगा पोहून पलीकडे गेला आणि गुरं हाकू लागला. फ्रेंच सैनिकांनी हटकलं, "आमच्या राजाच्या जमिनीवर तुझं काय काम?" हा म्हणे म्हणाला, मला तुमच्या राजाशीही घेणंदेणं नाही आणि त्याच्या जमिनीशीही, मी इंग्रजांची गुरं न्यायला आलोय. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा. सैन्याच्या खाण्याची काळजी वाहणारा माणूस म्हणून त्याची ओळख इथून सुरू होते, एवढं खरं.

१७५५ च्या जूनमध्ये कर्नल मंक्टनने बोसेजूर घेतलं, तेव्हा सैन्याच्या पुरवठ्याचं काम वॉटसनकडे होतं. १७५८ मध्ये फ्रेंचांच्या लुईबर्ग किल्ल्याच्या वेढ्यात तो जनरल वुल्फच्या तुकडीचा कमिसरी. आपल्याकडे ज्याला मोदीखाना म्हणत त्या खात्याचा कारभारी समजा: पीठ, खारवलेलं मांस, रम, वैरण, गाड्या, बैल, सगळं वेळेवर आणि मोजून. यातली एक बाब फार महत्त्वाची आहे. ब्रिटिश सैन्याचा हा विभाग युद्धखात्याच्या नव्हे, तिजोरीखात्याच्या हाताखाली चाले. म्हणजे कमिसरीचं काम नीट झालं की त्याचं नाव सेनापतीइतकंच लंडनच्या पैसेवाल्या मंडळींच्या कानावर जाई. वॉटसनने हे फार लवकर ओळखलं असणार.

१७५९ ला तो लंडनला आला. हॅलिफॅक्समध्ये रमच्या धंद्यात गबर झालेला जोशुआ मॉजर त्याचा भागीदार. पुढे रॉबर्ट रॅशलीबरोबर 'वॉटसन अँड रॅशली' ही पेढी. कॅनडा, नोव्हा स्कॉशिया, न्यूफाउंडलंडचा मासा, विमा. लॉइड्सच्या कॉफीहाउसातले विमेकरी १७७२ च्या सुमाराला संघटित झाले, तेव्हाच्या समितीत हा होता. १७९६ पासून दहा वर्षं तोच लॉइड्सचा अध्यक्ष.

मग अमेरिकेचं युद्ध. १७८२ मध्ये सर गाय कार्लटन न्यूयॉर्कला सरसेनापती म्हणून गेला आणि वॉटसन त्याचा कमिसरी-जनरल. युद्ध हरलेलंच होतं, काम होतं आवरासावरीचं. हजारो राजनिष्ठ कुटुंबं जहाजांत भरून नोव्हा स्कॉशियाला न्यायची, त्यांना वाटेत आणि पोचल्यावर शिधा द्यायचा. इंग्रजांच्या बाजूला पळून आलेले सुमारे ३,००० काळे स्त्रीपुरुषही कार्लटनने असेच बाहेर काढले, वॉशिंग्टनने परत मागितले तरी दिले नाहीत. २५ नोव्हेंबर १७८३ ला न्यूयॉर्क रिकामं झालं. दोनच महिन्यांत, जानेवारी १७८४ मध्ये, वॉटसन लंडन शहराचा खासदार! त्याच्या बायकोला, हेलनला, सरकारने सालीना ५०० पौंडांचं वर्षासन लावून दिलं.

१७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर खासदारकी सोडून हा ड्यूक ऑफ यॉर्कच्या सैन्याबरोबर फ्लँडर्सला गेला, पुन्हा कमिसरी-जनरल म्हणूनच. १७९६-९७ लॉर्ड मेयर. १७९८ ते १८०६ सगळ्या ब्रिटनचा कमिसरी-जनरल. २ ऑक्टोबर १८०७ ला ईस्ट शीन इथे वारला.

माझं म्हणणं असं की शार्कची गोष्ट त्याला आयुष्यभर पुरली, पण ती गोष्ट म्हणजे दर्शनी दुकान. माल मागच्या खोलीत होता. दर युद्धात हा माणूस एक पायरी वर गेलेला दिसतो, आणि त्या युद्धांत ज्यांचे पाय, घरं, माणसं गेली त्यांचं चित्र कोणी काढून घेतलं नाही. शार्कचं चित्र मात्र वॉटसननेच काढून घेतलेलं, पैसे त्यानेच दिलेले, असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात.

चर्चा होऊ द्या.

मीठमिरची

जबरी! शार्कचं चित्र माहीत होतं, त्यातला पोरगा पुढे लॉर्ड मेयर झाला हे अजिबात माहीत नव्हतं. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड का? हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचा का?

गलबत

नाही. बॅरोनेट म्हणजे वारशाने चालणारं 'सर'. बॅरनच्या खालची पायरी, लॉर्ड्समध्ये जागा नाही. साध्या नाइटची पदवी त्याच्याबरोबर जाते, बॅरोनेटची मुलाकडे. वॉटसनला मूलबाळ नव्हतं, म्हणून सनदेतच खास कलम घालून ती त्याच्या नात्यातल्या विल्यम के याच्याकडे जाईल अशी तजवीज केली होती. कुळाचं काय होणार याची काळजी निपुत्रिक अनाथालाही सुटली नाही.

त्याचं कुलचिन्ह बघण्यासारखं आहे. ढालीच्या कोपऱ्यात गुडघ्याखाली तुटलेला माणसाचा पाय, आणि वर त्रिशूळाने शार्कला हुसकावणारा समुद्रदेव नेपच्यून! खाली लॅटिन ब्रीद, 'ईश्वरी ढालीच्या आधाराने'. जुनी सरदार घराणी सिंह, गरुड, किल्ले मिरवत. याने तुटका पाय मिरवला.

भूलतज्ज्ञ

डॉक्टर म्हणून एक भर घालतो. १७४९ म्हणजे ईथरची भूल यायला जवळजवळ शंभर वर्षं अवकाश. रुग्णाला चारजणांनी दाबून धरायचं आणि शल्यविशारदाने जमेल तितक्या झपाट्याने कापायचं. स्क्रूने आवळायची रक्तबंधाची पट्टी फ्रेंच सर्जन पेतीने १७१८ च्या सुमारास आणली होती, त्यामुळे रक्तस्राव थोडा तरी आटोक्यात यायचा. तरीही बरेच जण पुढे जखम चिघळून जात.

पाऊल घोट्यापासून गेलं असताना गुडघ्याखाली का कापलं असा प्रश्न पडेल. शार्कने पोटरी फाडलेली होती हे एक. दुसरं, तेव्हाचा साधा लाकडी पाय वापरायचा तर गुडघा मागे दुमडून खुंटावर टेकवायचा असे. दुमडलेल्या गुडघ्यामागे लांब थोटूक उरलं तर अडचणच. म्हणून गुडघ्याच्या चार बोटं खाली कापणं सर्जन पसंत करत. चौदा वर्षांचा, अंगाने धडधाकट, आणि नशीबवान. तीन महिने म्हणजे फारच लवकर.

पाल_चुकचुकली

लेख आवडला, पण इथन अ‍ॅलनला गाळलंत की हो! अमेरिकेत वॉटसनचं नाव शार्कआधी त्याच्यामुळे निघतं.

मे १७७५ मध्ये इंग्रजांचा तिकोंडेरोगा किल्ला घेणारा अमेरिकन बंडखोर तो हा अ‍ॅलन. २५ सप्टेंबर १७७५ ला माँट्रिऑलवर झेप घ्यायला गेला आणि पकडला गेला. कैद्यांना बेड्या घालून इंग्लंडला पाठवलं ते ज्या जहाजातून, त्यावर प्रवासी होता ब्रूक वॉटसन, आणि कैदी त्याच्या ताब्यात होते. अ‍ॅलनने १७७९ मध्ये आपल्या कैदेची हकीगत छापली, त्यात वॉटसनला दुष्ट आणि क्रूर स्वभावाचा माणूस म्हटलंय. चौतीस माणसं, सुमारे बावीस बाय वीस फुटांची अंधारी कोंडी, हातात बेड्या, तिथेच खाणं आणि तिथेच शौच, अंगभर उवा. जवळजवळ चाळीस दिवस. उजेड दिसला तो इंग्लंडचा किनारा आल्यावर. फाल्मथला उतरवलं तेव्हा बघायला गर्दी लोटली होती.

त्याआधी त्याच उन्हाळ्यात वॉटसन अमेरिकन मंडळींत मित्र म्हणून वावरला आणि आतल्या खबरा इंग्रजांना पुरवल्या, असाही त्याच्यावर आरोप आहे. ज्यांच्या टेबलावर जेवला त्यांचीच चुगली केली म्हणून तिकडे त्याचं नाव बदनाम झालं ते झालंच.

चोखंदळ

अ‍ॅलनची हकीगत मीही वाचलीय. तो माणूस लढवय्या असेल, पण अतिशयोक्तीत कोणाला हार जायचा नाही. सबंध पुस्तक युद्ध चालू असताना, इंग्रजांविरुद्ध लोकांची माथी तापवायला लिहिलंय. कैद्यांना त्या काळी सगळीकडेच असं ठेवत. वॉटसनने मुद्दाम छळलं म्हणायला अ‍ॅलनचा शब्द सोडून काय आहे?

आणि गलबत, तुमची युद्धाच्या पायऱ्यांची उपमा छान, पण जरा एकांगी. सहाव्या वर्षी पोरका, चौदाव्या वर्षी अपंग, ना घराणं ना शाळा. तो बॅरोनेट झाला यात त्याच्या अकलेला, कष्टाला काहीच श्रेय नाही? अर्धं लंडन युद्धावर पैसा करत होतं. त्यातले किती जण लॉर्ड मेयर झाले?

गलबत

@चोखंदळ, अक्कल होती, कष्टही होते, ते नाकारलेलं नाही. मोदीखाना चालवणं येरागबाळ्याचं काम नाही. अमेरिकेतल्या ब्रिटिश सैन्याचं बरंचसं अन्न आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातून अटलांटिक ओलांडून यायचं. पीठ आळ्यांनी भरायचं, मांस सडायचं, जहाज महिनाभर उशिरा यायचं. अशा वेळी कोणाकडून काय भावाने उचलायचं आणि हिशेब तिजोरीखात्याला कसा पटवायचा, यात खरी कसोटी. कार्लटनसारख्या पैशाच्या बाबतीत कडक माणसाने याला पसंत केलं, म्हणजे हात फार काळे नसावेत.

@पाल_चुकचुकली, अ‍ॅलन मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवला होता :)

मीठमिरची

तो न्यूयॉर्कचा भाग वाचून चहाची आठवण झाली. १७७३ मध्ये बॉस्टनच्या लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात बुडवला, त्याच्याशी याचा काही संबंध? व्यापारी म्हटल्यावर असणारच.

पाल_चुकचुकली

आहे, आणि चित्रकारालाही गुंडाळून आहे! ईस्ट इंडिया कंपनीने बॉस्टनला चहा पाठवायचं ठरवलं तेव्हा तिथे माल उतरवून घेणारे आडते नेमायचे होते. लंडनच्या पेढ्यांनी आपापली माणसं सुचवली. वॉटसनच्या पेढीने बेंजामिन फॅन्युइल आणि जोशुआ विन्स्लो यांची शिफारस केली, आणि दोघेही नेमले गेले. आणखी एक आडत्या होता रिचर्ड क्लार्क. त्याची मुलगी सुझाना ही कॉपलीची बायको! नोव्हेंबरमध्ये जमावाने क्लार्कच्या घराच्या खिडक्या फोडल्या. कॉपलीने दोन्ही बाजूंत मध्यस्थी करून बघितली, जमलं नाही. १६ डिसेंबरला ३४२ पेट्या समुद्रात. पुढच्या जूनमध्ये कॉपली युरोपला निघाला तो परत अमेरिकेत आलाच नाही.

म्हणजे १७७८ च्या चित्रात पैसे देणारा चहाच्या आडत्यांचा पाठीराखा, आणि काढणारा चहाच्या आडत्याचा जावई.

वाकडी_वाट

चित्राबद्दल माझे दोन पैसे. कॉपली हवानाला कधी गेलाच नव्हता. मागचा मोरो किल्ला आणि बंदर त्याने छापील चित्रांवरून रचलं. शार्कही त्याने कधी जवळून पाहिला नसावा, त्याला ओठ आहेत! पण माणसांची रचना बघा. सगळ्यात वर, त्रिकोणाच्या टोकाशी, एक काळा खलाशी उभा आहे आणि त्याच्या हातातली दोरी थेट पोराच्या दंडापर्यंत जाते. सुरुवातीच्या रेखाटनात त्या जागी गोरा माणूस होता. कॉपलीने नंतर बदलला. का, यावर आजवर भांडणं चालू आहेत. कोणी म्हणतं हवानाचं वातावरण आणायला, कोणी म्हणतं वॉटसननेच आठवण सांगितली असेल, कोणी त्यात गुलामगिरीवरची टीका बघतं.

वॉटसनने गुलामगिरीबद्दल संसदेत काय भूमिका घेतली हे कोणी सांगेल का? चित्रातल्या त्या माणसाकडे बघताना तेच मनात येतं.

गलबत

हा प्रश्न येणार याची वाटच बघत होतो. एप्रिल १७९१. विल्बरफोर्सने गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव मांडला. दोन दिवस चर्चा. त्यात लंडनचा खासदार आणि आल्डरमन (शहराचा वरिष्ठ नगरसेवक) वॉटसन ठरावाच्या विरोधात उभा राहिला. त्याचा युक्तिवाद थंडपणे हिशेबी आहे. आफ्रिकेचा व्यापार हा वेस्ट इंडीजच्या व्यापाराशी बांधलेला, आणि दोन्ही मिळून न्यूफाउंडलंडच्या मासेमारीशी. कारण? तिकडच्या सुक्या खारवलेल्या कॉडमधला जो हलका, बाकी कुठल्याच बाजारात खपत नाही असा माल, तो वेस्ट इंडीजच्या गुलामांना खायला जातो. एक धागा तोडलात की सगळंच उसवेल. ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला.

हलक्या माशाला गिऱ्हाईक हवं म्हणून माणसं विकत राहायची. इतकं उघड फार कमी जण बोलले असतील. बाकीचे निदान धर्म, बायबल, आफ्रिकेतल्या लढायांच्या आड लपायचे. याने वखारीतला भाव सांगितला. त्याचा स्वतःचा धंदाही त्याच किनाऱ्यांवरचा.

आता याच वर्षातली दुसरी गोष्ट ऐका. जुलै १७९१ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांनी, त्याने अँड्र्यू ब्राउन नावाच्या पाद्र्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. ब्राउन नोव्हा स्कॉशियाचा इतिहास जमवत होता आणि त्याने अकेडियनांबद्दल विचारलं होतं. अकेडियन म्हणजे तिथले फ्रेंचभाषक शेतकरी. खाडीच्या दलदलीत बांध घालून त्यांनी सोन्यासारखी जमीन केली होती. १७५५ मध्ये इंग्रजांनी त्यांना हजारोंनी जहाजांत कोंबून दूरदूरच्या वसाहतींत फेकलं, मागे घरं जाळली. वीस वर्षांचा वॉटसन तेव्हा त्या जहाजांच्या रवानगीत मंक्टनच्या हुकमावर काम करत होता. पत्रात तो त्या लोकांच्या साधेपणाचं, एकमेकांना धरून राहण्याचं, कष्टाळूपणाचं भरभरून कौतुक करतो, त्यांच्यावर काय ओढवलं ते कळवळून सांगतो, आणि त्यांना हुसकावण्यात आपणही हात लावला हे लपवत नाही.

एकाच माणसाची, एकाच वर्षातली ही दोन्ही वक्तव्यं. मला ती कधीच जुळवता आलेली नाहीत.

चोखंदळ

मला तर सहज जुळतात. अकेडियनांचं होऊन छत्तीस वर्षं झाली होती. कळवळ्याला आता काही खर्च नव्हता. गुलामांचा व्यापार चालू होता आणि त्यात पैसे अडकले होते. मी वर त्याची बाजू घेतली ती कष्टाबद्दल. या मतदानाबद्दल घेणार नाही.

वाकडी_वाट

@चोखंदळ +१. पण 'काही खर्च नव्हता' हे तेवढं खरं नाही. ज्या सरकारच्या मर्जीवर तो चढला त्याच सरकारच्या कृत्याला त्याने सहीनिशी अन्याय ठरवलं. आणि १७५५ ला तो वीस वर्षांचा, आश्रित, एका पायाचा. हुकूम आला की करायचा. १७९१ ला तो छप्पन्न वर्षांचा, संचालक, खासदार. तिथे हुकूम देणारं कोणी नव्हतं. म्हणून दुसरी गोष्ट मला जास्त बोचते.

नाळेवरचा_कावळा

त्याच्या राजकारणाची थट्टाही खूप झाली. १७८४ च्या आसपासच्या उपहासकवितांत त्याच्यावर चार ओळी आहेत. मथितार्थ असा की त्या शार्कने न्याहारीला पायाऐवजी डोकंच खाल्लं असतं तर उत्तमातल्या उत्तम सुताराला उत्तमातल्या उत्तम लाकडातूनही इतकं चांगलं डोकं घडवता आलं नसतं! विरोधी पक्षातल्या कवींना लाकडी पाय म्हणजे आयतंच घबाड. मात्र हा पंतप्रधान पिटचा भरवशाचा माणूस होता. १७८८-८९ ला राजा भ्रमिष्ट झाल्यावर त्याच्या जागी कारभारी नेमायचं रीजन्सी विधेयक आलं, तेव्हा सभागृहाच्या समितीचा अध्यक्ष हाच.

एक ऐकीव किस्सा. कोणीतरी पायाबद्दल फार खनपटीला बसलं. वॉटसन म्हणाला, सांगतो, पण पुढे एकही प्रश्न विचारायचा नाही. कबूल? कबूल. "चावून तोडला." बिचारा प्रश्न गिळत घरी गेला.

गलबत

हा किस्सा मला फार आवडतो. दाखवायचं किती आणि झाकायचं किती, ही व्यापारी अक्कल त्यात पुरेपूर आहे.

थट्टा करणाऱ्यांना १७९७ ने आणखी खाद्य दिलं. त्याच्या लॉर्ड मेयरकीचं वर्ष म्हणजे लंडनच्या सराफी बाजाराचं सगळ्यात वाईट वर्ष. फेब्रुवारीत फ्रेंचांची एक तुकडी वेल्समध्ये फिशगार्डला उतरली, लोक नोटा घेऊन सोनं मागायला धावले, आणि २६ फेब्रुवारीला सरकारने बँक ऑफ इंग्लंडला सोनं द्यायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी मॅन्शन हाउसमध्ये, म्हणजे लॉर्ड मेयरच्या सरकारी वाड्यात, व्यापारी आणि पेढीवाले जमले आणि त्यांनी ठराव केला की आम्ही नोटा बिनतक्रार घेऊ. अध्यक्षस्थानी लॉर्ड मेयर वॉटसन, जो त्याच बँकेचा संचालक राहिलेला! सोनं द्यायची बंदी टिकली १८२१ पर्यंत. आणि एप्रिलमध्ये शहराच्या आमसभेत देशाच्या भयंकर अवस्थेची खरी कारणं शोधा असा ठराव आला. याने नियमात बसत नाही म्हणून अडवला, खडाजंगी झाली, शेवटी मानदंड (सभेच्या अधिकाराचं चिन्ह) उचलायचा हुकूम देऊन याने सभाच आटोपली. त्याच आठवड्यांत स्पिटहेडला आरमार बंडाला उठत होतं, हे लक्षात घ्या.

कॉमर्सचा_मास्तर

नोटांचा मुद्दा महत्त्वाचा. सोन्याशिवाय नोट चालते, फक्त चार वजनदार माणसांनी "आम्ही घेऊ" म्हणायला हवं, हे तिथे दिसून आलं. त्या चार माणसांत आपला कमिसरी अग्रभागी असणं स्वाभाविकच. युद्धाचा खर्च भागवायचा तर बँकेने सरकारला उधार देत राहणं भाग, आणि सरकारचा खर्च म्हणजे शेवटी रसद.

फ्लँडर्सबद्दल मात्र लेखात एका वाक्यात उरकलंत. १७९४-९५ च्या हिवाळ्यात ते सैन्य हॉलंडमधून जर्मनीकडे मागे हटलं, तेव्हा थंडीने आणि आजाराने माणसं वाटेत मरून पडली. नवीन उभारलेल्या गाडीवान दलात इतके उनाड भरले होते की सैनिक त्यांना न्यूगेट तुरुंगावरून नाव ठेवत. कमिसरी-जनरल वॉटसन. मग हा इतका हुशार तर तिथे काय झालं?

गलबत

हुशारी न्यूयॉर्कला चालली कारण मागे समुद्र आणि आरमार होतं. फ्लँडर्सला गाड्या आणि वैरण हव्यात, त्या परक्या मुलखातल्या शेतकऱ्यांकडून भाड्याने घ्यायच्या. फ्रेंच पुढे सरकले की गाडीवान बैल सोडून पळणार. दोष एकट्या वॉटसनचा नाही, डॉक्टरी व्यवस्था, अधिकारी, मित्रसैन्यं, सगळंच कोलमडलं होतं. पण गंमत बघा: इतकं सगळं होऊनही दोन वर्षांत हा लॉर्ड मेयर आणि तीन-चार वर्षांत अख्ख्या देशाचा कमिसरी-जनरल. माझं पायऱ्यांबद्दलचं मत इथे आणखी घट्ट होतं. जिंकलं तरी वर, हरलं तरी वर.

डेट्रॉईटकर

आमच्या गावाचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. या चित्राच्या तीन प्रती आहेत. १७७८ ची मूळ प्रत वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, तेवढ्याच आकाराची दुसरी कॉपलीने स्वतःसाठी काढलेली बॉस्टनच्या संग्रहालयात, आणि १७८२ ची लहान, उभ्या आकाराची आमच्या डेट्रॉईटला. उभी असल्यामुळे त्यात आभाळ जास्त आहे आणि होडी एकदम अंगावर येते. त्या काळ्या माणसाच्या डोक्याचा कॉपलीने केलेला तैलरंगातला अभ्यासही इथेच आहे. आणि खरं सांगतो, मुख्य चित्रापेक्षा तो जास्त जिवंत आहे. तो माणूस मॉडेल म्हणून नीट बसलेला, मजेत हसतोय असं वाटतं.

मीठमिरची

मूळ प्रत वॉशिंग्टनला कशी गेली? लंडनलाच हवी ना?

गलबत

वॉटसनने मृत्युपत्रात ते चित्र लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेला दिलं होतं. ही गरीब, पोरक्या मुलांची जुनी शाळा. पोरांना त्यातून धडा मिळावा म्हणून ते शाळेच्या दालनात लावावं अशी त्याची इच्छा. चौकटीवर मजकूरही कोरलेला आहे: सचोटी, ईश्वरावर भरवसा आणि उद्योग यांनी माणूस मानसन्मानाला चढतो, वगैरे. कंत्राटं, हलका मासा आणि अकेडियन चौकटीवर नाहीत. शाळेने ते दीडशेहून जास्त वर्षं सांभाळलं आणि १९६३ मध्ये ते वॉशिंग्टनला विकत गेलं.

मीठमिरची

पुढच्या महिन्यात बॉस्टनला जातेय बहिणीकडे. तिथली प्रत बघून येईन. अजून काही बघण्यासारखं?

पाल_चुकचुकली

त्याच संग्रहालयात कॉपलीने १७६८ मध्ये काढलेलं पॉल रिव्हिअरचं व्यक्तिचित्र आहे, ते चुकवू नका. रिव्हिअर म्हणजे चहा बुडवणाऱ्या मंडळींतला सोनार. शर्टाच्या बाह्या मोकळ्या सोडून, हातात चांदीची चहाची किटली घेऊन बसलाय. आधी ते बघा, मग शार्क.